दुकानात वय विचारलं, नंबर मागितला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडच्या पेठेत आमचं किराणा आणि जनरल मालाचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे २२ वर्षं, मी गल्ल्यावर बसते. वयावरून आणि मोबाइल नंबरावरून दुकानात होणाऱ्या कुरबुरी अलीकडे फार वाढल्यात. गिऱ्हाईक म्हणतं, "माझी खासगी माहिती तुम्हाला कशाला?" दुकानदार म्हणतो, "उद्या दंड झाला तर तुम्ही भरणार का?" दोघंही आपापल्या जागी खरे असतात, आणि कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते बहुतेक वेळा दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून लोक मला जे जे विचारतात ते इथे उत्तरांसकट लिहिलं आहे. मी वकील नाही. पण काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहे, आणि कायद्याची कलमं बसून वाचलेली आहेत.

दुकानदाराला माझं वय विचारायचा अधिकार आहे का?

काही वस्तूंसाठी आहे, आणि तिथे तो नुसता अधिकार नाही, त्याची जबाबदारीच आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालच्या कुणालाही सिगारेट, विडी, तंबाखू विकता येत नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तर कुणालाच विकता येत नाही. घेणारा अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करण्याचं ओझं नियमांनी विकणाऱ्यावर टाकलंय. शंका आली तर त्याने वयाचा पुरावा मागावा, असंही त्यात आहे. त्यामुळे पानवाल्याने "कार्ड दाखव" म्हटलं तर तो तुमचा अपमान करत नसतो.

तंबाखू कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, म्हणून बरेच जण तो मनावर घेत नाहीत. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वाचा. मुलाच्या हातात दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुपारी आमच्या दुकानातली तंबाखूची बरणी काउंटरवरून उचलून मागच्या फळीवर ठेवली.

कशाला किती वय लागतं?

तंबाखूला १८. महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५. गोव्यात दारूला १८. म्हणून सावंतवाडीच्या २२ वर्षांच्या पोराला म्हापशात कडक दारूची बाटली मिळते आणि घराजवळच्या वाइन शॉपमध्ये मिळत नाही. त्यात दुकानदाराची मनमानी नाही, दोन राज्यांचे कायदेच वेगळे आहेत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्यामुळे तिथे वयाचा प्रश्नच येत नाही.

ई-सिगारेट २०१९ पासून देशभर बंद आहे आणि गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून. या दोन वस्तू कुठल्याच वयाला विकता येत नाहीत. तेव्हा "अठरा पूर्ण आहेत, कार्ड दाखवतो" म्हणून काही उपयोग नाही.

ॲसिडचं पुढे वेगळं सांगते.

मी ३० वर्षांचा आहे, दिसतोही तसा. तरी दुकानदाराने माल दिला नाही. तक्रार करता येईल का?

मनाला लागतं, हे मान्य. पण वयाची खात्री पटली नाही तर विक्री नाकारण्याची त्याला मुभा आहे, कारण चूक झाली तर अंगावर त्याच्याच येते. इथे वाद घालून हाती काही लागत नाही. घरून कार्ड आणा आणि दाखवा.

तक्रारीला जागा कुठे आहे, तर बोलण्याच्या पद्धतीत. दहा माणसांसमोर "ए, तुझं वय काय रे?" असं खेकसण्याची काही गरज नसते. कार्ड मागायचं ते हळू आवाजात, काउंटरजवळ बोलावून. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाला मी एकच वाक्य पाठ करून दिलंय: "दादा, नियमाप्रमाणे जन्मतारीख बघावी लागते." या "नियमाप्रमाणे" शब्दाने निम्मी भांडणं विझतात. समोरच्याला कळतं की संशय त्याच्यावर नाही, सगळ्यांनाच विचारतात.

"बाबांनी पाठवलंय" म्हणून मूल आलं तर तंबाखूची पुडी द्यावी का?

नाही. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त त्रास दिलेला प्रश्न हाच.

आपल्याकडे ही जुनी रीत आहे. मुठीत दहाची नोट, चप्पल उलटीपालटी घातलेली, धापा टाकत येणारं सात-आठ वर्षांचं पोर: "काकू, एक पुडी आणि चुन्याची डबी, आजोबांना." आजोबा कोण ते आपल्याला माहीत असतं, पुडी ते पोर खाणार नाही हेही माहीत असतं. तरी कायदा विचारतो ते एवढंच, की तुम्ही पुडी कुणाच्या हातात दिलीत. कुणासाठी दिलीत हे विचारत नाही. आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. रोज आजोबांसाठी पुडी नेणाऱ्या मुलाला तिचा वास, तिची किंमत, ती फोडायची कशी, सगळं पाठ होतं. पाचवीत आजोबांसाठी नेणारा नववीत स्वतःसाठी मागायला आलेला मी पाहिलाय.

मी पोराच्या हाती दहाची नोट परत देते आणि सांगते, "आजोबांना सांग, काकूने बोलावलंय." आजोबा येतात. पहिल्यांदा चिडतात. एक जण तर सहा महिने समोरच्या दुकानात जात होते. पुढे परत आले.

आमचाच मुलगा शाळेतून आल्यावर दुकानात बसतो. त्याने विकलं तर चालतं का?

बिस्किटं, साबण, वह्या घरच्या मुलाने दोन तास विकल्या तर कुणाची हरकत नसते. तंबाखू मात्र नाही. तंबाखूचा पदार्थ १८ खालच्या व्यक्तीने हाताळायचा किंवा विकायचाही नाही, असं नियमात आहे. घरच्या दुकानात हे हटकून विसरलं जातं. मुलगा गल्ल्यावर असेल तेव्हा त्या कपाटाला कुलूप घाला.

आणि पाटी लावलीये ना, ती बघा. ६० बाय ३० सेंटिमीटरची, १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय अपराध आहे, अशी. पुष्कळ दुकानांत ती असते, पण कॅलेंडरमागे.

वय दाखवायला कुठलं कार्ड बरं?

ज्यावर पूर्ण जन्मतारीख आणि फोटो आहे, पण बाकीचं शक्य तितकं कमी आहे, असं. पॅन कार्डावर जन्मतारीख असते, पत्ता नसतो. लायसन्सवर दोन्ही असतं. डिजिलॉकरमधून मिळवलेलं कागदपत्र मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे, तेव्हा मोबाइलवरचं लायसन्स दाखवलं तर दुकानदाराने नाक मुरडायचं कारण नाही. गॅलरीतल्या फोटोचं तसं नाही, तो कुणीही बदलू शकतो.

आधारबद्दल दोन गोष्टी. जुन्या कितीतरी आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं आहे. २५ पूर्ण झाले की नाही हा प्रश्न असताना नुसत्या वर्षावरून काय ठरवणार? आणि दुसरी गोष्ट, आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं खुद्द आधार प्राधिकरणाचं म्हणणं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवण्यासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला धरला. तरी दुकानात सर्रास आधारच मागतात, कारण ते प्रत्येकाच्या खिशात असतं. दाखवायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार डाउनलोड करून ठेवा. त्यात शेवटचे चार आकडे तेवढे दिसतात.

कार्ड हातात धरून दाखवा आणि अंगठा पत्त्यावर ठेवा. माझ्या मुलीला मी हेच शिकवलंय. फोटो आणि तारीख दिसली की समोरच्याचं काम झालं.

कार्डाची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो मागतात. द्यावा का?

दाखवणं वेगळं आणि देणं वेगळं. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

वय बघायला दोन सेकंद लागतात. १८ झालेत, २१ झालेत, संपलं. त्यानंतर तुमच्या कार्डाचा फोटो दुकानातल्या पोऱ्याच्या मोबाइलमध्ये राहण्याचं काहीच कारण उरत नाही. तो मोबाइल उद्या दुरुस्तीला जातो, परवा विकला जातो, तो मुलगा नोकरी सोडून जातो. फोटो कुठे गेला हे मग दुकानाच्या मालकालाही सांगता येत नाही. अशाच झेरॉक्सवर कुणाच्या नावाने सिम कार्ड निघतं, कुणाच्या नावावर कर्जाचा अर्ज होतो, आणि निस्तरत बसतो तो कार्डवाला.

आधारच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वखुशीने दाखवता येतं, पण ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने, म्हणजे आधारच्या यंत्रणेला न जोडता ओळख तपासणाऱ्याने, आधार क्रमांक घेऊन साठवायचा नाही, असंही त्याच दुरुस्तीत आहे. मग गल्ल्याखालच्या खोक्यात झेरॉक्सचा गठ्ठा कशासाठी?

झेरॉक्स दिल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुठल्या दुकानाला, तारीख, सही. अक्षरं फोटोवर आणि नंबरावर आली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं.

मग दुकानदाराने नाव-पत्ता लिहून घेणं कधीच योग्य नाही का?

आहे ना. काही ठिकाणी ते न लिहिणं हा गुन्हा आहे, आणि तिथे ग्राहकाने कटकट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲसिड घ्या. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, कुणाला किती दिलं ते पत्त्यासकट लिहायचं. घेणाऱ्याने फोटो आणि पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, कशासाठी हवंय ते सांगायचं. १८ खाली कुणालाच द्यायचं नाही. नियम मोडणाऱ्याला ५० हजारांपर्यंत दंड. सोनार, बॅटरीवाले, शाळेच्या प्रयोगशाळा यांना ते लागतंच, त्यांनी ही दोन मिनिटं द्यावीत. त्या वहीतली एकेक ओळ कुणाचा तरी चेहरा वाचवण्यासाठी आहे. हार्डवेअरवाल्याने न विचारता बाटली पुढे केली तर तक्रार त्या गोष्टीची करा.

औषधांच्या दुकानात 'एच-१' यादीतली औषधं असतात: काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या वगैरे. मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहून ती ३ वर्षं जपायची असते. केमिस्टने पेशंटचं नाव विचारलं ते यासाठी. मोबाइल नंबर त्या यादीत नाही.

सोनाराकडे २ लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. तिथेही वाद नको.

महाराष्ट्रात दारू घ्यायला पिण्याचा परवाना लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. एक दिवसाचा विदेशी मद्याला ५ रुपयांत आणि देशीला २ रुपयांत मिळतो, आयुष्यभराचा १००० रुपयांत. परवाना नावाचाच असतो, तेव्हा नाव सांगावं लागणार. पण परवाना वेगळा आणि आधारची झेरॉक्स वेगळी.

"नंबर टाकल्याशिवाय सिस्टीममध्ये बिल निघत नाही" असं सांगतात. खरं आहे का?

कायद्याने तसं काही नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नोंदणी नसलेल्या साध्या ग्राहकाचं नाव आणि पत्ता बिलावर कधी लागतो? तर बिल ५० हजार रुपयांचं किंवा त्याहून मोठं असेल तेव्हा. त्याखाली नावही सक्तीचं नाही. आणि मोबाइल नंबर कुठल्याच रकमेला लागत नाही. ३४० रुपयांच्या टॉवेलसाठी दहा आकडे मागणारं सॉफ्टवेअर त्या दुकानाने स्वतः तसं बसवून घेतलेलं असतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना सूचना काढली, की नंबरासाठी अडवून धरू नका, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे.

काउंटरवरच्या मुलीशी मात्र भांडू नका. तिला दिवसाला इतके नंबर गोळा करायचं टार्गेट दिलेलं असतं. "नंबर द्यायचा नाही, बिल छापून द्या," एवढं शांतपणे म्हणा. नव्वद टक्के वेळा ती स्वतःच दहा वेळा ९ दाबते आणि बिल निघतं. सिस्टीम अडत नाही हे तिलाही माहीत असतं.

आणि द्यायचाच असेल तर नंबर मोठ्याने सांगू नका. आमच्या आळीतल्या एका मुलीने, नुकतीच नोकरीला लागलेली, पुण्यात कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात रांगेत उभं राहून नंबर सांगितला. कॅशियरला ऐकू आला नाही म्हणून दोनदा सांगितला. रात्री साडेदहाला अनोळखी नंबरावरून "हाय, पिवळा कुर्ता छान होता" असा मेसेज आला. पिवळा कुर्ता तिने त्याच दिवशी घेतला होता. पाठीमागे उभ्या असलेल्या कुणीतरी आकडे टिपले होते, की दुकानातल्याच कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिने नंबर बदलला. बँक, गॅस, ऑफिस, सगळीकडे नवा नंबर देता देता दोन महिने गेले. तो कुर्ता तिने परत घातला नाही, असं तिची आई सांगत होती. तेव्हापासून मला कुणी नंबर सांगू लागलं की मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवते, त्यावर दाबा म्हणते.

नंबर दिला होता बिलासाठी, आता रोज ऑफरचे मेसेज येतात.

दिलेल्या कामापुरतीच माहिती वापरायची, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. त्या कायद्यात उदाहरण दिलंय तेही दुकानाचंच. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, पावती मेसेजने यावी म्हणून आपणहून माहिती देते. दुकानाने ती पावती पाठवण्यासाठी वापरावी. पावतीसाठी दिलेला नंबर दिवाळी सेलला वापरायचा तर वेगळी संमती हवी, आणि ती मोकळेपणाने दिलेली हवी. 'नंबर दे नाहीतर सामान ठेव' ही संमती होत नाही.

दुकानाने तुमची माहिती दुसऱ्याला दिली, म्हणजे समजा फर्निचरच्या दुकानात नंबर दिला आणि तिसऱ्या दिवशी कर्जवाल्याचा फोन आला, तर त्यासाठी आधीपासूनच कायदा आहे. विश्वासाने दिलेली ग्राहकाची खासगी माहिती कायद्याने सांगितल्याखेरीज दुसऱ्याला देणं, हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

हा माहिती संरक्षणाचा नवा कायदा लागू झालाय का?

कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानांना आणि कंपन्यांना लागू होणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आमच्यासारख्या दुकानाला तो आकडा वाचून हसू येईल, पण हसून सोडून द्यायची गोष्ट नाही. माहिती का घेता हे सांगणारी सूचना ग्राहकाला मराठीतही मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांचा पर्याय कायद्याने दिलाय. ही तरतूद मला फार आवडली. इंग्रजीतल्या बारीक अक्षरांवर सही करून देणारे आमचे कितीतरी गिऱ्हाईक आहेत.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंय, आणि ग्राहक कायदा आजही चालू आहे.

मुलांच्या कपड्यांच्या दुकानात बाळाची जन्मतारीख विचारतात, "वाढदिवसाला सूट देऊ" म्हणून. सांगावी का?

मी सांगत नाही. नाव, जन्मतारीख, आईचा नंबर आणि पत्ता एकाच ओळीत आले की मुलाची अख्खी ओळख कुणाच्या तरी संगणकात बसते. नव्या कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण 'मूल' आहे. त्यांची माहिती वापरायला आई-वडिलांची पडताळून घेतलेली संमती लागेल, आणि मुलांना नेमकं हेरून केलेल्या जाहिराती चालणार नाहीत. वाढदिवसाची सूट हवीच असेल तर महिना सांगा. तेवढ्यावर सूट देता येते.

औषधाच्या दुकानात मुलीला वय विचारलं, "लग्न झालंय का" विचारलं. हे चालतं का?

अजिबात नाही. सॅनिटरी पॅड, कंडोम, गर्भचाचणीची पट्टी, यांतल्या कशालाही वयाची अट नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. या वस्तूंसाठी लग्नाची चौकशी करायचा हक्क कुठल्याही कायद्याने केमिस्टला दिलेला नाही.

हे मी जरा जोर देऊन लिहितेय. तंबाखू मागणाऱ्या पोराला वय विचारायची लाज वाटणारा दुकानदार गोळी मागणाऱ्या मुलीला मात्र चार लोकांत बिनदिक्कत विचारतो. ती मुलगी त्या दुकानात परत जात नाही. दुसरीकडे जायलाही घाबरते. त्या घाबरण्यात ७२ तास निघून जातात, आणि पुढचं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर येतं. गोळी कशी घ्यायची, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा पुन्हा घेऊ नये, डॉक्टरांना कधी दाखवावं, हे सांगणं केमिस्टचं कामच आहे. ते जरूर सांगावं, हळू आवाजात.

गावात सगळे ओळखीचे असतात, तिथे आणखी एक होतं. केमिस्ट काका संध्याकाळी वडिलांच्या कानावर घालतात, "मुलगी आली होती, लक्ष असू द्या." काळजीपोटी घालत असतील. पण गिऱ्हाइकाने काय नेलं ते दुकानाच्या बाहेर जाऊ देऊ नये. माझ्या सासूबाई म्हणायच्या, कुणाची किती उधारी हे तुळशीलाही सांगायचं नाही. औषधाचं तर त्याहून जास्त.

दुकानाने सीसीटीव्हीतला माझा फोटो "चोरापासून सावध" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

दुकानात कॅमेरा लावायला हरकत नाही, पाटी लावून कळवावं. चोरी झाली तर फुटेज पोलिसांना द्यावं. ते व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, तिथून गावाच्या ग्रुपवर गेलं आणि माणूस चोर नव्हताच असं निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा दावा होऊ शकतो. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि ग्रुपचं नाव दिसू द्या. मग दुकानाला लेखी कळवा. आधी भांडायला गेलात तर मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' होतो आणि हातात काही राहत नाही.

बाहेर पडताना पिशवी उघडायला लावतात.

बिल बघणं ठीक. अंगझडती घ्यायचा अधिकार खासगी सुरक्षारक्षकाला नाही. तुमची संमती नसताना रस्ता अडवला तर न्याय संहितेचं कलम १२६, कोंडून ठेवलं तर १२७. खरंच चोरीचा आरोप असेल तर पोलीस बोलवा, त्यांच्यासमोर पिशवी उघडू, असं सांगा. बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही पोलिसांनीच.

कपडे बदलायच्या खोलीत कॅमेऱ्याची शंका आली तर?

बाहेर या, खोलीत दुसऱ्या कुणाला जाऊ देऊ नका, ११२ ला फोन करा. मॅनेजर "आम्ही बघतो" म्हणाला तरी पोलीस येईपर्यंत तिथून हलू नका. स्त्रीचं असं चित्रण करणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला किमान १ आणि कमाल ३ वर्षं शिक्षा. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना कपडे बदलण्याच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा दिसला आणि पोलिसांत तक्रार झाली. त्यांना दिसला तो भिंतीवरचा साधा कॅमेरा होता. म्हणून नुसता आरसा तपासू नका, वर छताकडे आणि दाराच्या वरच्या फटीकडेही बघा.

भांडण झालंच. आता तक्रार कुठे?

पहिल्यांदा दुकानालाच, पण लेखी. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल. बिल, तारीख, वेळ, काय मागितलं, तुम्ही काय म्हणालात, एवढं लिहा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, घेतलेल्या वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत करायची. वकील लागतोच असं नाही. अल्पवयीनाला दारू विकल्याची तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, औषध दुकानाची अन्न व औषध प्रशासनाकडे.

दुकानदार म्हणून आम्ही नेमकं काय बदलावं?

आमच्याकडे काय केलं ते सांगते. सासऱ्यांची एक दिवाळीची वही होती, लाल पुठ्ठ्याची. शुभेच्छा द्यायला म्हणून गिऱ्हाइकांचे सहाशेच्या वर नंबर त्यात उतरवलेले, कुणापुढे 'शिक्षक', कुणापुढे 'मुलगी मुंबईला', कुणापुढे 'साखर बंद'. एक दिवस एका योजनेचा एजंट आला आणि म्हणाला, "वहिनी, या पानांचे फोटो काढू द्या, हजार रुपये देतो." मी नाही म्हटलं. पण रात्री झोप लागेना, कारण 'साखर बंद' लिहिलेल्या त्या माणसाने आम्हाला ते कुणाला विकायला सांगितलेलं नव्हतं, आणि मी त्या वेळी दुकानात नसते तर? दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना विचारून वही बंबात घातली. पुठ्ठा जळायला वेळ लागला.

आता उधारीवाल्यांचे नंबर तेवढे आहेत, ते त्यांनी स्वतः दिलेले, आणि उधारी फिटली की ते पान त्यांच्यासमोर फाडते.